तेरावा आणि चौदावा थर

वाघमारेसाहेब,

तुम्ही गेलात ही बातमी मी तीन ठिकाणी पडताळली. पालमहून आलेल्या गाडीच्या कंडक्टरनं सकाळी स्टँडवर सांगितलं, तेव्हा मी त्याला विचारलं, "तू स्वतः पाहिलंस का?" तो म्हणाला, "न्हाई, लोक बोलायलेत." मग तुमच्या ऑफिसात फोन केला. तिथला कारकून म्हणाला, "हो, आम्हीपण ऐकलंय." ऐकलेलं मी धरलं नाही. दुपारच्या गाडीनं स्वतः आलो, तुमच्या दारापुढं चपलांचा ढीग पाहिला, आणि मग आत न येता बराच वेळ बाहेरच्या लिंबाखाली उभा राहिलो.

आज त्याला अठरा दिवस झाले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी चार जण तुमच्याबद्दल बोलले. शिस्तीचे, सरळ, कमी बोलणारे, वाचनाचे वेडे. सगळं बरोबर होतं. मलाही दोन शब्द बोला म्हणाले; मी हात जोडले आणि बसून राहिलो. मी चांगलं बोललो असतो तर ते अर्धंच खरं झालं असतं. दहा वर्षांहून जास्त काळ मी तुमच्यावर संशय घेतला. तुम्हीही माझ्यावर घेत असणार, असं वाटतं. पण ते मी पाहिलेलं नाही.

कालव्याच्या त्या उपविभागात मी अनुरेखक होतो. इंजिनिअर पेन्सिलीनं जे काढतील ते ट्रेसिंगच्या कागदावर शाईनं उतरवायचं, एवढंच माझं काम. तुम्ही कनिष्ठ अभियंता, आणि तुमच्याकडं प्रगतीचं टेबल. साइट मागणारे पुष्कळ होते, ते टेबल कुणी मागत नसे. तुमच्या मागच्या भिंतीवर तो लांब तक्ता. एकेका कामाला एक ओळ, एकेका आठवड्याला एक रकाना, आणि भरावाच्या कामाला तर एकेका थराला एक रकाना. वरची बारीक रेघ म्हणजे काय व्हायला हवं होतं, खालचा भरलेला रकाना म्हणजे काय झालं. कुठलं काम कुणामुळं अडलंय ते तिथं उभं राहिलं की दिसायचं. मोरी अडली की भराव अडणार, भराव अडला की अस्तर, आणि अस्तर अडलं की रब्बीचं पाणी.

बाकीचे इंजिनिअर जाता-येता विचारायचे, "काय वाघमारे, रंगकाम कुठवर आलं?" तुम्ही हसून रंगीत पेन्सिलीला टोक करत राहायचात. मला एकदा म्हणालात, "देशमुख, काम पुढं आहे हे सांगायला सगळे आहेत. काम मागं आहे हे सांगायला एकच माणूस ठेवलाय. त्यानंही पुढंच सांगितलं तर हे टेबल कशाला?"

ऑफिसात बाकी सगळे साहेब होते. जोशीसाहेब, पाटीलसाहेब, अगदी काल लागलेला पोरगासुद्धा साहेब. तुम्ही नुसते वाघमारे. मी पेडगावचा, घरी जमीन, आडनाव देशमुख. माझ्यासारख्या अनुरेखकालाही शिपाई 'देशमुखसाहेब' म्हणायचा. तुम्हाला साहेब म्हणावं हे मला पटत होतं, पण चारचौघांत म्हणवत नव्हतं, आणि नुसतं आडनाव घ्यायची लाज वाटायची. म्हणून दोन वर्षं मी तुम्हाला कुठलीच हाक मारली नाही. वाक्यं अशी फिरवायचो की हाकेची गरजच पडू नये. तुमच्या टेबलापाशी येऊन खाकरायचो. तुम्ही ते ओळखलं होतं. एक दिवस मान वर न करता म्हणालात, "खोकल्याला औषध घ्या, देशमुख. दोन वर्षं झाली." त्या दिवसापासून मी साहेब म्हणू लागलो. आधी हळू आवाजात.

तुमच्या भिंतीवरच्या तक्त्यामागं एक पद्धत होती, ती पोखर्णीच्या बाजूच्या भरावावर मी डोळ्यांनी पाहिली. आपली काळी माती. ती एकदम ओतून चालत नाही. वीतभर थर पसरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, मग पुढचा थर. प्रत्येक थर तुम्ही स्वतः चालून बघायचात, टाच रुतते का पाहायचात, सळई खुपसायचात. आणि पसंत पडला की पिशवीतून ओंजळभर चुना काढून ठरलेल्या खुंटीपाशी त्या थरावर पसरायचात. मग वहीत नोंद आणि तारीख. मग परभणीला परत, आणि मग रकाना. चुना पडल्याशिवाय रकाना नाही.

तिथले मुकादम रशीदमामू पान खाऊन लालबुंद तोंडानं ते बघत असायचे. "साहेब, रोज चुनाच आणायलाव. एक दिवस काथ बी आणा ना, भरावाला जोडी खिलवू."

"मामू, उद्या कुणी म्हणलं थर घातलेच न्हाईत, तर काय दाखवशील?"

"कसम खाईन."

"कसमेचा फोटो निघत न्हाई. हे कापून बघता येतं. काळ्या मातीत पांढरी रेघ. जितक्या रेघा तितके थर."

"आन एखादी रेघ कमी निघाली तर?"

"तर मी खोटा," तुम्ही म्हणालात.

शेजारच्या रानातली एक म्हातारी रोज बांधावर उभी राहून तुमच्याकडं टक लावून बघायची. तिला वाटायचं तुम्ही काहीतरी मंतरून टाकताय. "आमच्या रानाला काही करू नगा बाबा," ती म्हणायची. तुम्ही तिला एकदा बोलावून पिशवीतला चुना दाखवला, हातावर ठेवला. तिनं वास घेतला, तरी तिला पटलं नाही. परत येताना गाडीत तुम्ही म्हणालात, "बरोबर हाय तिचं. दाखवणाऱ्यानं दाखवलं म्हणून कशाला विश्वास ठेवायचा?"

आपला वाद याच्यावरूनच होता आणि तो मिटला नाही. मी म्हणायचो, हे सगळं नियंत्रण म्हणजे माणसांवरचा अविश्वास आहे. रोज कुणी आपल्या पाठीशी उभं राहून मोजतंय असं वाटलं तर माणूस मन लावून काम कसं करेल? तुम्ही म्हणायचात, "मी माणसावर संशय घेत नाही. तारखेवर घेतो. तारीख नसलेला कागद आला की मी तो माणसाचा मानतच नाही." मी पुस्तकी माणूस, मला वाद लांबवायला आवडायचं. एकदा विचारलं, "मग साहेब, तक्ता तपासणाऱ्याला कोण तपासतं?"

तुम्ही म्हणालात, "तुम्ही. पेन्सिल माझी असली तरी शाई तुमच्या हातात आहे."

मला ते कौतुक वाटलं होतं. आता वाटतं ती ताकीद होती. का ती नुसती गंमत होती आणि मीच तिला पुढच्या घटनेचं वजन देतोय? तुम्ही असतात तर विचारलं असतं असं लिहिणार होतो. पण तुम्ही असताना मी विचारलं नव्हतं.

त्या हिवाळ्याबद्दल आपण एकदाही बोललो नाही. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन गेलेला, आणि गावोगाव पुन्हा बंद, मोर्चे, एसटी आज चालू तर उद्या बंद. पालमकडच्या तुमच्या गावात वस्तीवर काही होईल अशी कुणकुण होती आणि तुमची आई तिथं एकटी होती. तुम्ही पाच दिवसांची रजा टाकली. जाताना मला म्हणालात, "बारावा थर काल बघितलाय. पेन्सिलीत बारा आहेत. मी आल्यावर पुढचं." तुम्ही निघालात त्याच्या दुसऱ्या दिवशी तिकडच्या गाड्या बंद झाल्या.

महिनाअखेर होती. तक्ता शाईनं उतरवून, प्रिंट काढून वर पाठवायचा होता. आपल्या ऑफिसात चांगला कागद कधी पुरेसा मिळाला नाही, म्हणून ट्रेसिंग झालं की पेन्सिलीचा कागद खोडून पुढच्या महिन्याला तोच वापरायचा. ही पद्धत तुम्हाला आवडत नसे, पण तीच होती. मी टेबलावर वाकून तुमच्या ओळी उतरवत होतो. उपअभियंता येऊन मागं उभे राहिले. "देशमुख, तक्ता आज गेलाच पाहिजे. पाणी सोडायची तारीख ठरलीय. भराव पुरा दिसला पाहिजे."

मी म्हणालो, "वाघमारे रजेवर आहेत, बाराच थर—"

"तिकडं उरलेले दोन्ही थर झालेत. वाघमारेंची चिठ्ठी येईल."

वाघमारेसाहेब म्हणालो नाही, हे मला आठवतं.

दुपारी जीपच्या ड्रायव्हरनं चिठ्ठी आणली. 'तेरावा व चौदावा थर झाला. रकाने भरून घ्यावेत.' खाली तुमचं नाव. अक्षर तुमचंच वाटलं. मी बाटलीत टाक बुडवला, दोन रकाने भरले, वाळू दिले, पेन्सिलीचा कागद खोडला. चिठ्ठी खिशात ठेवली. घरी जाताना मनात होतं ते हे: म्हणजे शेवटी तुम्हीपण तसलेच. मला वाईट वाटलं. आणि खरं लिहायचं तर, थोडं बरंही वाटलं. इतका चोख माणूस शेजारी बसला की आपण सतत मोजले जातोय असं वाटतं.

गाड्या सुरू होऊन तुम्ही परत आलात तेव्हा पाणी सुटलेलं होतं. सुटलं त्याच्या तिसऱ्या दिवशी पोखर्णीजवळ भराव वरून खचला. माणूस कुणी गेलं नाही. पण त्या म्हातारीच्या रानात पोटऱ्यात आलेली ज्वारी चिखलाखाली झोपली. आपण पोचलो तेव्हा ती चिखलात उभी होती आणि कुणाकडंच बघत नव्हती.

मंडळ कार्यालयातून चौकशीला एक अधिकारी आले. तुम्हीच त्यांना म्हणालात, भराव कापून बघा. रशीदमामूंनी माणसं लावली. काळ्या मातीचा उभा काप निघाला आणि त्यात पांढऱ्या रेघा, एकीवर एक, ओळीनं. अधिकाऱ्यांनी काठीनं मोजल्या. बारा. बाराव्याच्या वर नुसती ढेकळं, दोन वितींपेक्षा जास्त जाडीची, एकदम ओतलेली. तिथं ना पाणी मारलेलं, ना रोलर फिरलेला, ना चुना.

"आणि तक्त्यात चौदा," अधिकारी म्हणाले. "हा चुना कुठल्या नियमात आहे, वाघमारे?"

"नियमात नाही, साहेब. माझ्या पद्धतीत आहे."

"मग तुमच्या पद्धतीनंच तुम्ही खोटे ठरलात."

रशीदमामूंनी तोंडातलं पान थुंकून टाकलं आणि दुसरीकडं बघितलं.

ऑफिसात जबान्या झाल्या. मला विचारलं, "हे दोन रकाने कुणाच्या सांगण्यावरून भरले?" उपअभियंता बाजूच्या खुर्चीवर, तुम्ही दाराशी. चिठ्ठी माझ्या खिशात होती. ती काढावी तर, तुमची असेल तर तुम्ही संपलात. तुमची नसेल तर उपअभियंता संपले आणि पाठोपाठ मी. मी म्हणालो, "पेन्सिलीत असेल तेच मी उतरवतो. नक्की आठवत नाही."

हे खोटं होतं. पेन्सिलीत बारा होते. हे सांगू शकतील असे जगात आपण दोघंच होतो, आणि कागद खोडलेला होता.

मग तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "मी रजेवर होतो. ते रकाने मी भरले नाहीत, भरायला सांगितलं नाही."

"मग कुणी भरले?"

तुम्ही माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मग म्हणालात, "भरताना मी पाहिलेलं नाही. म्हणून सांगता येणार नाही."

तुम्हाला ताकीद मिळाली, बढती थांबली, आणि पालमकडं सर्वेक्षणाला बदली झाली. उपअभियंता वर्षभरात मोठ्या हुद्द्यावर गेले. मी तिथंच राहिलो. तुमच्या टेबलावर दुसरे आले. ते साहेब होते.

इथून पुढं माझ्या संशयाला काम मिळालं. तुम्ही माझं नाव का घेतलं नाही? एक उत्तर सरळ होतं: न पाहिलेलं तुम्ही बोलत नव्हता. पण मला दुसरं उत्तर जास्त पटलं, की चिठ्ठी तुमचीच होती. मला ओढलं असतं तर मी ती काढली असती, हे तुम्ही जाणून होतात. वर्षानुवर्षं मी हे धरून चाललो. त्यात माझी सोय होती. तुम्ही दोषी असलात की मी फक्त गप्प बसलेला मित्र ठरत होतो, आणि तसं गप्प बसणं उपकारासारखं दिसत होतं.

चिठ्ठी मी फेकली नाही. एकदा, पुष्कळ वर्षांनी, काढून नीट बघितली. तिच्यावर तारीख नव्हती.

तुम्ही किराणा दुकानदाराला यादी देताना तारीख घालायचात. मी त्या दिवशी रात्रीपर्यंत तिच्याकडं बघत बसलो नाही, घडी घालून ठेवून दिली; पण नंतरचे कित्येक दिवस हिशेब करत होतो. रजेवर जाण्याआधी चिठ्ठी लिहून ठेवली म्हणावी, तर तेव्हा ते थर पडलेलेच नव्हते. नंतर लिहिली म्हणावी, तर तिकडून गाडी नव्हती आणि जीप त्या आठवड्यात पालमकडं गेलीच नाही. हे सगळं मला त्या दुपारीही माहीत होतं. मी जोडून बघितलं नाही. आणि अक्षराचं म्हणाल, तर दुसऱ्याचं अक्षर उतरवणं हाच माझा धंदा. ते किती सोपं आहे हे त्या ऑफिसात माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

तरी मन म्हणायचं, चुकीचं काही करताना चोख माणूस मुद्दामच तारीख घालणार नाही. बघा, संशयाला कसं कुठूनही खाद्य मिळतं.

एक प्रश्न मात्र मी स्वतःला फार उशिरा विचारला. तीच चिठ्ठी जोशीसाहेबांच्या नावानं आली असती तर? मी उठलो असतो. म्हणालो असतो, त्यांना येऊ द्या, ते असं करणार नाहीत. तुमच्या बाबतीत मी टाक बुडवला. त्या महिन्यांत चहाच्या वेळी ऑफिसात जे बोललं जायचं, "ह्यांना आता युनिव्हर्सिटी पाहिजे, उद्या खुर्ची पाहिजे, काम मात्र कागदावर," त्याला मी कधी हसलो नाही. पण कप ठेवून उठलोही नाही. आपण ऐकत नाही, नुसतं बसलोय, असं मला वाटायचं. ते ऐकलेलं हातापर्यंत पोचलं होतं. तुमच्यावरच्या माझ्या संशयात तुमच्या वागण्यातलं काय होतं? काहीच नव्हतं. इतकी वर्षं शेजारी बसून मी तुमची एक चूक पाहिली नव्हती.

आणि आता, तुम्ही गेल्यावर, मी तुम्हाला निर्दोष धरतोय. याचाही मला संशय येतो. गेलेल्या माणसाला चांगलं ठरवणं सोपं असतं, तो उलटून काही मागत नाही.

बदलीनंतरही तुम्ही मला तोडलं नाहीत, हे मला कधी समजलं नाही. परभणीला आलात की स्टँडवरच्या हॉटेलात चहा, आणि पुस्तकांची अदलाबदल. मी ग्रंथालयातून तुमच्यासाठी दोन काढून ठेवायचो, तुम्ही परत करताना आत एक कागद असायचा: कुठल्या पानावर काय पटलं नाही. त्या कागदांवर तारखा असायच्या. मला असं दुसऱ्या कुणी वाचायला शिकवलं नाही. लेखक म्हणतो म्हणून मानू नका, त्यानं ते पाहिलंय का ते बघा, असं तुम्ही म्हणायचात. मी आज जे थोडंफार नीट वाचतो, ते तुमच्यामुळं. हे एकदा तरी तोंडावर सांगायला हवं होतं. पण प्रत्येक चहाला मला वाटायचं, हे चांगुलपणानं येतायत की माझ्याकडची चिठ्ठी अजून आहे का ते बघायला? तुम्ही कप खाली ठेवलात की मी सावध व्हायचो.

शेवटचं भेटलो ते दवाखान्यात. तुमचा आवाज बसला होता. मी पुस्तकाचं बोललो, पावसाचं बोललो. निघताना तुम्ही म्हणालात, "देशमुख, काही विचारायचं राहिलंय का?"

मी म्हणालो, "नाही, साहेब."

"बघा बरं."

"नाही."

"मग मीबी न्हाई इचारत," तुम्ही म्हणालात, आणि डोळे मिटले. ऑफिसात तुम्ही कधी असं गावाकडचं बोलायचा नाहीत. जिन्यानं उतरताना मी हेच घोकत होतो की ह्यांना काय विचारायचं होतं. तेव्हा परत वर जायला वीस पायऱ्या होत्या.

परवा मी पुन्हा पालमला आलो. वहिनी ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी पाणी दिलं, चहा ठेवायला निघाल्या, मी नको म्हणालो.

"वहिनी, मला एक सांगायचंय. त्या चौकशीचं."

त्या खाली बसल्या. "बोला भाऊ."

मी सगळं सांगितलं. चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली. "मला काय वळखू येणार? मला कवा पत्र लिहिलं त्यांनी? घरीच व्हते की." त्यांनी ती परत केली. म्हणजे ते राहिलंच. चिठ्ठी कुणाची हे मला कळलेलं नाही आणि आता कळणार नाही.

मग त्या म्हणाल्या, "चिठ्ठीचं ऱ्हाऊ द्या. ते रकाने तुमी भरले?"

"मी भरले."

"त्यांनी न्हाई."

"त्यांनी नाही. त्यांचे बाराच होते. ते मी पाहिले होते, आणि चौकशीत सांगितलं नाही."

वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "बदलीचा कागद आला तवा मी इचारलं व्हतं त्यांना. तर म्हणले, मी न्हाई भरले. मी म्हणलं, मग कुणी भरले? तर गप. लय भांडले मी. ज्याला कुणी ते सांगता येत न्हाई, त्याचं 'मी न्हाई' तरी कसं खरं धरावं? मी न्हाई धरलं. पुन्हा कवा बोललेच न्हाईत ते त्याच्यावर. लेकीच्या सोयरिकीत बायका कुजबुजल्या, ह्यांनी सरकारी काम बुडवलं म्हणून. मी मान खाली घातली. त्यांच्या बाजूनं एक शब्द न्हाई बोलले. ते तिथंच बसलेले व्हते."

मला वाटलं होतं, त्या मला बोलतील. हाकलतील. त्या माझ्याकडं बघतही नव्हत्या.

"आता मी कुणाला सांगू?" त्या म्हणाल्या.

साहेब, ऑफिसात तुमच्यावर संशय होता, वर होता, माझ्या मनात होता, एवढंच मला माहीत होतं. तो तुमच्याबरोबर घरी आला होता, ताटावर बसत होता, हे मला माहीत नव्हतं. तुम्ही एक नाव घेतलं असतंत तर निदान घरातला तरी मिटला असता. ते नाव तुम्हाला माहीत होतं. पाहिलं नव्हतं, एवढंच.

वहिनी म्हणाल्या, "हे लिहून द्या." मी तिथंच ओसरीवर बसून लिहिलं. पेन्सिलीत बारा थर होते. तेरावा आणि चौदावा रकाना मी, वाघमारेसाहेबांना न विचारता, शाईनं भरला. चौकशीत मी खोटं बोललो. खाली पूर्ण नाव लिहिलं, तारीख घातली.

"वाचा," त्या म्हणाल्या.

मी वाचलं.

त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या, आणि भिंतीवरच्या तुमच्या फोटोसमोर, माझ्याकडं पाठ करून, खाली बसल्या. "पुन्यांदा वाचा," म्हणाल्या. "जरा मोठ्यानं."